एकसष्टावी बाटली

नरहरीभाऊ सावे यांना पत्रांना उत्तर देण्याची खोडच होती. साबणाच्या कंपनीचं छापील पत्रक आलं तरी ते पोस्टकार्डावर दोन ओळी लिहीत, की आपलं पत्रक मिळालं, साबणाची तूर्त गरज नाही, कळावे. एकदा पोस्टमननं चुकून दुसऱ्याच सावेंची लग्नपत्रिका त्यांच्या दारात टाकली, तर तिलाही त्यांनी शुभेच्छा कळवल्या होत्या. अशा माणसानं एका पत्राला पाच वर्षं उत्तर दिलं नव्हतं. आणि ते पत्र पालघरच्या त्यांच्या घरात, जाडजूड शब्दकोशाच्या मागं, ज्या बाटलीबरोबर आलं होतं तिच्याच मानेला सुतळीनं बांधलेलं होतं.

पत्र होतं डंकन मॅकफेलचं. हा डंकन चौऱ्याहत्तर साली बोईसरच्या एका नव्या कारखान्यात बॉयलर बसवायला स्कॉटलंडहून आला होता. रविवारी करमेना म्हणून तो पालघरच्या वाचनालयात इंग्रजी कादंबऱ्या शोधत यायचा. नरहरीभाऊ तिथं ग्रंथपाल. अडचण एवढीच होती, की डंकनचं इंग्रजी कुणाला कळायचं नाही आणि नरहरीभाऊंचं इंग्रजी तोंडाबाहेर पडायचं नाही. लिहायला बसले की मात्र त्यांची वाक्यं सुरेख उतरायची. मग दोघांनी तोडगा काढला. एकाच टेबलाशी समोरासमोर बसायचं आणि पुस्तकांच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहून एकमेकांकडे सरकवायचं. वाचनालयातल्या सभासदांचा बरेच दिवस असा समज होता, की साहेब बिचारा मुका आहे आणि आपले नरहरीभाऊ त्याला शिकवताहेत.

एकदा नरहरीभाऊ त्याला सातपाटीला घेऊन गेले होते. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले. डंकननं नाकाला रुमाल न लावता चांगला छातीभर वास घेतला आणि खिशातून चिठ्ठी काढून लिहिलं, "हा कसला वास?" नरहरीभाऊंनी विचार करून खाली लिहिलं, "समुद्र आंघोळ करून उन्हात बसला, की त्याच्या अंगाला असा वास येतो." डंकन एवढ्या मोठ्यानं हसला, की बोंबील उलटणाऱ्या बायका काम सोडून बघू लागल्या. ती चिठ्ठी त्यानं पाकिटात घातली आणि बरोबर नेली.

पुढं दहा वर्षांनी, चौऱ्याऐंशी साली, यंत्र दुरुस्तीला आलेल्या एका इंजिनिअरच्या हाती त्यानं बाटली आणि पत्र पाठवलं. पत्रात लिहिलं होतं ते असं : आमच्या बेटावरची व्हिस्कीची भट्टी बंद झाली. माझे वडील तिथं जन्मभर दलदलीतली माती पेटवून तिच्या विस्तवावर धान्य शेकायच्या कामाला होते. ते रिटायर झाले त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हातानं भरलेलं एक लाकडी पीप तिथं पडून होतं. ते आमच्या गावच्या वाण्यानं विकत घेतलं आणि स्वतःचं लेबल लावून बाटल्यांत भरलं. एका पिपातून बाटल्या निघाल्या दोनशे चौदा. त्यातली एकसष्टावी मला मिळाली आणि त्याच आठवड्यात डॉक्टरनं माझी दारू कायमची बंद केली. घरात ठेवली तर मी पिईन. म्हणून तुला पाठवतो. तू पी आणि मला लिहून कळव, की चव कशी आहे. "छान आहे" असं लिहू नकोस. छान आहे असं मला पोस्टमनही सांगेल. बोंबलांबद्दल लिहिलंस तसं लिही.

आता नरहरीभाऊंनी जन्मात दारूच्या थेंबाला बोट लावलं नव्हतं. लहानपणी ताडी म्हणून नीरा प्यायले होते आणि नंतर दोन दिवस आपण झिंगलोय या समजुतीनं भिंतीला धरून चालत होते. त्यात सरकारचा नियम असा, की दारू प्यायला परमिट लागतं. परमिट नाही आणि घरात मात्र बाटली, या विचारानं पोलीस सायकलवरून नुसता गल्लीतून गेला तरी ते शब्दकोश सरळ करून ठेवत. आपण प्यायलो आणि आपल्याला काहीच कळलं नाही तर? ही खरी भीती. डंकनला वाटतंय की या माणसाला वासाची, चवीची जाण आहे. ती चिठ्ठी कदाचित एकदाच, चुकून जमून गेली असेल. त्यांनी दोनदा खोटं उत्तर लिहून पाहिलं. "आपली व्हिस्की अत्यंत रुचकर आहे." वाचून त्यांचे त्यांनाच कान गरम झाले आणि दोन्ही कागद बंबात गेले.

मग एकोणनव्वदच्या जानेवारीत डंकनच्या मुलीचं भेटकार्ड आलं. त्यात चार ओळी : बाबा आता माझ्याकडे असतात. त्यांना फारसं दिसत नाही. टपाल आलं की विचारतात, पालघरचं आहे का?

नरहरीभाऊ ते कार्ड हातात धरून संध्याकाळपर्यंत बसून राहिले. शालूबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, चहा आणून ठेवला, थंड झालेला परत नेला आणि शेवटी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं? कोण गेलं का?"

"नाही. अजून आहे. तेच."

"मग लिवून टाका ना एकदाचं. जगातल्या साबणवाल्यांना लिवता."

"प्यावी लागेल, शालू."

शालूबाईंनी देवघराकडे पाहिलं. "माझ्या घरात उघडायची नाय. एक सांगते. बाहेर कुठंपण जावा, पण इथं नाय."

*

बाटलीची बातमी तोवर बाहेर फुटली होती, आणि फोडणारा होता आत्माराम, शालूबाईंचा धाकटा भाऊ. तो बोईसरजवळ कुंभवलीला राहायचा आणि तारापूरच्या रंग-रसायनांच्या एका कारखान्यात ऑपरेटर होता. त्यानं कारखान्यात फुशारकी मारली, की आमच्या भावोजींकडं साहेबाची बाटली हाय, आणि ती ऐकून त्याचे मॅनेजर घैसास एका रविवारी जीप घेऊन पालघरला हजर झाले.

घैसासांना विलायती बाटल्या जमवायचा नाद होता. घरी त्यांनी काचेचं कपाट केलं होतं, आत ट्यूबलाइट लावली होती. त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढून हातावर पसरला आणि त्यावर बाटली घेतली. साधी, ठेंगणी बाटली. लेबलवर चित्र नाही, सोनेरी अक्षर नाही. वाण्याचं नाव, भट्टीचं नाव, साल, आणि शाईनं हातानं लिहिलेला आकडा : एकसष्ट.

"कंपनीच्या बाटल्या काय, विमानतळावर ढिगानं मिळतात," घैसास कुजबुजले. "ही वेगळी. भट्टी एकाची, पण पीप निवडलं वाण्यानं, भरलं वाण्यानं. लक्षात आलं का?"

नरहरीभाऊंच्या लक्षात आलं. "म्हणजे घोलवडच्या बागेतल्या एकाच झाडाचे चिकू व्यापाऱ्यानं घ्यावेत आणि पेटीवर आपलं नाव घालावं, तसं."

"अगदी! आणि आता ते झाडच तोडलंय. भट्टी बंद! सावे, ही उघडायची नाही. कधीच नाही. उघडली की संपली. मग ती नुसती दारू."

"पण त्यांनी चव विचारलीय."

"चव!" घैसासांनी कानाला हात लावले. "अहो, माझ्याकडे चाळीसेक बाटल्या असतील. एकीचंही बूच मी हलवलेलं नाही. तुम्ही असं करा, ही मला द्या. मी तुम्हाला इंग्रजी विश्वकोशाचे सगळे खंड देतो. चामडी बांधणीचे."

नरहरीभाऊंच्या आयुष्यात मोह असा हा एकच आला आणि तो नेमका त्यांच्या मापाचा आला. ते दोन रात्री झोपले नाहीत. विश्वकोशात 'व्हिस्की' या शब्दाखाली चवीबद्दल काही असेल का, तेवढं बघून पत्रात लिहिता येईल का, इथपर्यंत त्यांचं मन गेलं होतं. शालूबाई दारामागून सगळं ऐकत होत्या. घैसास गेल्यावर त्या म्हणाल्या, "लोणच्याची बरणी पण कोणी अशी बघत नाय. नवरीसारखी हातावर घेतली मेल्यानं." पण विश्वकोश ठेवायला जागा कुठं आहे, हेही त्यांनी विचारलंच.

भेटकार्ड आलं आणि विश्वकोश मागं पडला. नरहरीभाऊंनी एक युक्ती काढली. आत्माराम पितो. पगाराच्या दिवशी तर नेमानं पितो. तो प्यायचा, त्यानं तोंडी सांगायचं आणि आपण शब्दांत बसवायचं. म्हणजे परमिटचा प्रश्न नाही, व्रतभंग नाही, आणि उत्तर खोटंही नाही. एवढंच, की ते आत्मारामचं असेल.

*

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी नरहरीभाऊ कापडी पिशवीत बाटली घालून बोईसरच्या एसटीत बसले. वर कोबीचा गड्डा ठेवला होता. कंडक्टरनं "काका, पिशवी वर ठेवा," म्हटलं तर ते "कोबी नाजूक असतो," म्हणाले आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले.

कुंभवलीला कारखान्यांची वस्ती लागून. तिथं जवळजवळ प्रत्येक छपरावर बांबूला एक चिंधी बांधलेली असते. वारा कुठून येतोय आणि आज कुणाचा वास नशिबी आहे, हे बघायला. बायका चिंधीकडे बघून वाळत घातलेले कपडे आत घेतात. वासावरून कारखाना ओळखणं तिथल्या लोकांना डाळ शिजल्याचं ओळखण्याइतकं सोपं. आत्मारामचा तर त्यात हातखंडा. कारखान्यात गॅस फुटला किंवा फिनॉलसारखं जाळणारं रसायन गळलं तर काय करायचं, याची दर तीन महिन्यांनी कवायत व्हायची, आणि आत्माराम तिच्यात तुकडीप्रमुख होता.

"या भावोजी!" तो हात चोळतच बाहेर आला. "विजया, काचेचा ग्लास काढ. स्टीलचा नको. साहेबाची हाय."

विजयानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, भाकरी थापता थापता नाक मुरडलं. "सकाळी अकरा वाजता! वन्संना माहीत हाय का?"

"तिनंच बाहेर उघडायला सांगितलंय," नरहरीभाऊ म्हणाले. हे खरं होतं आणि तरी त्यांना ते खोटं बोलल्यासारखं वाटलं.

स्टुलावर ग्लास आला. नरहरीभाऊंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि पेन्सिल काढली. खोलीची खिडकी रस्त्याला होती, आणि तिच्या पलीकडं दोन गल्ल्या सोडून कारखान्यांची भिंत. आत्मारामनं मेण खरवडून बूच ओढलं. पक् असा आवाज झाला. त्यानं ग्लासात दोन बोटं ओतली, बाटली स्टुलावर ठेवली, आणि ग्लास उचलायला हात पुढं केला तो तसाच राहिला.

त्याच्या नाकपुड्या फुगल्या.

"काय वाटतं?" नरहरीभाऊंनी पेन्सिल टेकवली.

"गप्प बसा."

"हे लिहू?"

"भावोजी, हलू नका." आत्मारामचा चेहरा पांढराफटक पडला होता. "फिनॉल हाय. फिनॉल फुटलंय!"

नरहरीभाऊंनाही वास आला. इस्पितळासारखा, डांबरासारखा, जळक्या लाकडासारखा. विजयाला तर आधीच आला होता. तिनं स्टोव्ह विझवला. आत्मारामला एक क्षणही बाटलीची शंका आली नाही. तो आयुष्यात जेवढी व्हिस्की प्यायला होता तिला गुळाच्या पाकासारखा वास होता, आणि त्यानं जेवढं फिनॉल हुंगलं होतं त्याला अगदी हाच. बूच उघडायला आणि गॅस फुटायला एकच गाठ पडली, एवढंच त्याला दिसलं. त्यानं दारात जाऊन कारखान्यात शिकवलेली आरोळी ठोकली.

"फिनॉल लीक! ओला कपडा नाकाला! पळू नका, वाऱ्याला आडवं चाला!"

शेजारचा जौनपूरचा वेल्डर बनियनवर बाहेर आला. "किधर से आ रहा है, आत्मारामभाई?"

"चिंधी बघ, चिंधी!"

"चिंधी तो हिलती नहीं!"

"म्हणजे इथंच साठलंय! चला, चला!"

लोक नाकाला ओले पंचे, पदर, टॉवेल लावून निघाले. कुणी कोंबड्या घेतल्या, कुणी रेडिओ. विजया बाहेर पडताना सवयीनं भाकरीवर, आमटीवर आणि दिसेल त्या उघड्या भांड्यावर झाकणं ठेवून आली. रस्त्यावर एक म्हातारी हसत होती, कारण तिला सर्दी झाली होती आणि काहीच वास येत नव्हता, आणि सगळं गाव रविवारी सकाळी नाकं बांधून कुठं निघालंय ते तिला कळेना.

नरहरीभाऊही आपला रुमाल ओला करून निघाले. वीस-पंचवीस पावलं गेले आणि थबकले.

बाटली उघडी राहिली होती. बूच आत्मारामच्या मुठीत होतं.

ते मागं वळले. आत्माराम ओरडला, "भावोजी, कुठं जाता?"

"बाटली!"

"मरू द्या बाटली! फुप्फुसं जळतील!"

नरहरीभाऊंनी जन्मभर कुणाचं ऐकलं नाही असं झालं नव्हतं. रांगेत पुढं घुसणाऱ्यालाही ते "या, या," म्हणत. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढं एक आंधळा होत चाललेला म्हातारा होता, आणि दारात पोस्टमन. दोन हातांनी गर्दी बाजूला करत ते परत चालू लागले. "म्हातारा आत गेला! म्हातारा परत गेला!" असा मागं गलका झाला.

डोळ्यांनाही गॅस लागतो, असं कुठंतरी वाचलेलं त्यांना आठवलं. म्हणून त्यांनी रुमाल नाकावरून वर ओढून डोळ्यांवरही घेतला आणि तसेच चाचपडत खोलीत शिरले. गुडघा स्टुलाला लागला. स्टूल कलंडलं. मग घळघळ घळघळ असा आवाज आला.

त्यांनी रुमाल खाली ओढला. बाटली जमिनीवर आडवी पडली होती आणि शेणानं सारवलेली जमीन तिला आनंदानं पीत होती. नरहरीभाऊ खाली बसले. बाटली उभी केली. तळाला थेंब चिकटले होते, बाकी काही नाही. काय करावं सुचेना म्हणून त्यांनी रुमालानं जमिनीवरचं टिपून घेतलं, आणि गॅस आहे हे आठवून तोच रुमाल परत घट्ट नाकाला लावला.

त्यांना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. मग ते हळूच थांबले. रुमाल दूर केला. वास कमी झाला. रुमाल जवळ आणला. वास वाढला. रस्त्यावर वास जवळजवळ नव्हताच. खोलीत होता. आणि रुमालात तर नुसता ठासून भरला होता.

"अरे देवा," नरहरीभाऊ म्हणाले.

एवढ्यात दारात एक अक्राळविक्राळ आकृती उभी राहिली. रबरी मुखवटा, वाटोळे डोळे, सोंडेसारखी नळी. रविवारी आळीपाळीनं एकेक मॅनेजर आपत्तीच्या ड्यूटीवर असे आणि त्या रविवारी पाळी घैसासांची होती. वर्दी मिळताच ते जीप घेऊन आले होते. मुखवट्यातून काहीतरी घुमल्यासारखं बोलत त्यांनी नरहरीभाऊंचं बखोट धरलं, आणि मग त्यांना बाटली दिसली.

ते थांबले. वाकले. लेबल वाचलं. दोन्ही हातांनी मुखवटा काढला.

"उघडलीत?"

"हो."

"सांडलीत?"

"हो."

घैसास स्टुलावर बसले. स्टूल कलंडलेलं होतं हे त्यांच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे ते जमिनीवर बसले. "एकसष्ट," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते काही गॅसमुळं नव्हतं.

आत्माराम नाकाला टॉवेल लावून आत आला. मॅनेजरसाहेब आणि भावोजी रिकाम्या बाटलीच्या दोन बाजूंना मयताला बसावं तसे बसलेले बघून त्याला काही समजेना. नरहरीभाऊंनी रुमाल त्याच्यापुढं धरला. आत्मारामनं हुंगला. बाटली हुंगली. पुन्हा रुमाल हुंगला. तो हळूहळू लाल झाला.

"म्हणजे... गॅस नाय?"

"नाही."

"साहेब, बाहेर अख्खी कुंभवली उभी हाय." त्याचा आवाज रडवेला झाला. "दारूच्या बाटलीला घाबरून आत्मारामनं गाव पळवलं, असं झालं तर मी कंपनीत तोंड काय दाखवू? पोरगी लग्नाची हाय माझी."

घैसास उठले. माणूस नादी होता, पण वाईट नव्हता. बाहेर जाऊन त्यांनी हात वर केला आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, की ही कवायत होती, मुद्दाम न सांगता घेतली होती, आणि कुंभवलीच्या लोकांनी ती फार शिस्तीत पार पाडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेल्डर एवढंच म्हणाला, "साहब, कवायत का बास बड़ा असली था." सर्दीवाल्या म्हातारीला सगळ्यांनी समजावून सांगितलं, की आजी, खोटंखोटं होतं. ती म्हणाली, "ते मला मगाशीच म्हाइती होतं."

*

विजया आत येऊन बघते तर तिघे पुरुष खाली बसलेले. "काय सुतक आलंय का?" म्हणत ती स्टोव्हकडं गेली. भाकरीवरचं ताट काढलं, आमटीवरचं काढलं, आणि मग कोनाड्यातल्या एका ग्लासावरची बशी काढली.

"हे काय करू? तुमचं ते दोन बोटं. जाताना स्टुलावरनं उचलून इथं झाकून ठेवलं होतं, माशी पडेल म्हणून."

तिघांच्याही माना एकदम वळल्या.

आत्मारामनं ग्लास दोन्ही हातांनी आणला. पहिला घोट त्यानंच घेतला, कारण ठरलं तसं होतं. त्यानं डोळे मिटले, गिळलं, आणि जीभ बाहेर काढून विजयाच्या माठाकडं धावला. "भावोजी, लिवा," तो घोटाघोटानं पाणी पीत म्हणाला. "लिवा, की हे प्यायचं फिनॉल हाय."

नरहरीभाऊंनी लिहिलं नाही. ग्लास घैसासांपुढं केला.

घैसासांनी तो उजेडात धरून पाहिला. नाकाशी नेला. "यात मध आहे, रानफुलं आहेत, ओकचं लाकूड आहे..."

"हे तुम्हाला येतंय?" नरहरीभाऊंनी विचारलं.

घैसासांनी ग्लास नाकापासून दूर केला. "नाही हो. पुस्तकात असं असतं." मग ओशाळून म्हणाले, "मी घेत नाही. मला पित्त आहे. मी फक्त बघतो."

म्हणजे ग्लास परत नरहरीभाऊंकडेच आला. आता पुढं सरकवायला कुणी उरलं नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात सरकारची माफी मागितली, शालूबाईंची मागितली, आणि डोळे मिटून घोट घेतला.

पहिल्यांदा नुसती आग लागली. त्यांना वाटलं, झालं, संपलं, हेच ते, आपल्याला काही कळणार नाही. पण त्यांनी गिळल्यावर तोंड मिटूनच ठेवलं, कारण उघडायची भीती वाटत होती, आणि मग आग खाली उतरली आणि मागून धूर आला. हा धूर त्यांच्या ओळखीचा होता. पेरणीच्या आधी शेतात राब भाजतात, पालापाचोळा आणि शेण पेटवून जमीन शेकतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरून चालताना तो थंड धूर नाकात येतो, तसा. त्याच्या मागून मीठ. मुरबे गावच्या किनाऱ्यावर संध्याकाळभर उभं राहून घरी आल्यावर आपलेच ओठ चाटावेत, तसं. आणि सगळ्यात शेवटी, अगदी किंचित, आहे की नाही असं वाटावं इतकं गोड.

"काय?" तिघांनी एकदम विचारलं.

नरहरीभाऊंनी पेन्सिल उचलली. लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. मग घैसासांकडे बघून ते एकदम म्हणाले, "थोडी उरलीय. एवढीशीनं पित्त होणार नाही."

घैसासांनी ग्लासाकडे असं पाहिलं, की जणू कुणी त्यांना त्यांच्याच काचेच्या कपाटात शिरायला सांगितलंय. मग त्यांनी तळाचा थेंब जिभेवर घेतला. निघताना जीपपाशी हळूच म्हणाले, "सावे, माझ्या कपाटात अशा चाळीस आहेत हो." आणि डोकं हलवत निघून गेले. रिकामी बाटली त्यांनी मागितली. नरहरीभाऊंनी दिली. ती पुढं काचेच्या कपाटात बसली, आणि असं ऐकिवात आहे, की त्या वर्षापासून कपाटात रिकाम्या बाटल्यांची एक नवी रांग सुरू झाली.

*

पत्र लिहायला नरहरीभाऊंना आठवडा लागला. पहिल्या मसुद्यात कुंभवली पळाली, त्याचीच पाच पानं झाली. ती त्यांनी कमी केली आणि मग परत घातली, कारण डंकनला हसायला आवडायचं. राबाबद्दल लिहिलं, मुरबे किनाऱ्यावरच्या मिठाबद्दल लिहिलं. शेवटची ओळ मात्र आत्मारामच्या खोलीत बसून चिठ्ठीवर लिहिली होती तीच ठेवली : "तुमच्या वडिलांनी पेटवलेला विस्तव अजून विझलेला नाही. मी त्याच्या धुरातून चालून आलो."

ही ओळ जास्त झाली का, असं त्यांनी शालूबाईंना तीनदा विचारलं.

"मला इंग्रजी येत नाय," त्या म्हणाल्या. "पण पाच वर्षं झाली. आता जास्त काय नि कमी काय. आणि तो तुमचा घाणेरडा रुमाल धुवायला टाका. सगळ्या कपाटाला वास मारतोय."

नरहरीभाऊ उठून कपाटाशी गेले. रुमाल हातात घेतला. आठ दिवस झाले होते, पाणी कधीच उडून गेलं होतं, पण धूर तसाच होता, मीठ तसंच होतं. डॉक्टरनं डंकनचं पिणं बंद केलं होतं. दिसणंही आता बंद होत आलं होतं. हुंगायला काही कुणी मनाई केली नव्हती.

सोमवारी सकाळी ते पोस्टात गेले. काउंटरवरच्या बाईंनी जाड पाकीट हातात घेतलं, वजनकाट्यावर ठेवायच्या आधी नाकाशी नेलं आणि भुवया जवळ आणल्या. बाईंचे यजमान तारापूरला कामाला होते आणि दोघं राहायलाही तिकडंच.

"काका, यात काय आहे?"

"पत्र. आणि एक रुमाल."

"धुतलेला?"

"नाही."

"परदेशात न धुतलेला रुमाल पाठवता?"

"ते फार दिवस वाट बघताहेत," नरहरीभाऊ म्हणाले, आणि कुणापुढं आपण एवढं ठामपणे बोललो, याचं त्यांनाच नवल वाटलं.

बाईंनी तिकिटं लावली, शिक्का हाणला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं. मग त्या खुर्चीवरून उठल्या, पुन्हा एकदा हवा हुंगली, आणि खिडकी उघडून, तिकडच्या सवयीनं, समोरच्या छपरावर वाळत टाकलेली चिंधी कुठं वळलीय ते बघू लागल्या.

वारा समुद्राकडून येत होता.